मोठी निगेटिव्ह आणि तिचा प्रिंट

महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत काळ्या जाड पानांचा एक अल्बम असतो. त्यातले 1960 ते 1980 च्या दरम्यानचे फोटो काढून बघा, बरेचसे चौकोनी निघतील. मातृभोजनाला बसलेला मुंजमुलगा, सप्तपदी, शाळेच्या स्नेहसंमेलनातलं नाटक, सगळं चौकोनात. कारण त्या वेळचे लग्नाचे फोटोग्राफर यशिका किंवा रोलायकॉर्डवर काम करत, आणि हौशी माणसाकडे बडोद्याला तयार होणारा आगफा क्लिक असे. या कॅमेऱ्यांत 120 चा रोल बसायचा आणि एका रोलमध्ये 12 फोटो निघायचे. त्यातला एखादा नीट धुतलेला प्रिंट भिंगाखाली धरला तर शालूच्या जरीचा पोत आजही स्पष्ट दिसतो. साठ वर्षांपूर्वीच्या साध्या लग्नाच्या फोटोत एवढं कसं उतरलं, याचं उत्तर निगेटिव्हच्या आकारात आहे.

हाच 120 चा रोल आज पुण्या-मुंबईतली पंचविशीतली मुलंमुली पुन्हा विकत घेत आहेत. काहीजण आणखी पुढे जाऊन लाकडी कॅमेरा, काळं कापड आणि शीट फिल्मपर्यंत पोचले आहेत. खिशातल्या फोनवर हवे तेवढे फोटो फुकट निघत असताना एका फोटोमागे शंभर-दोनशे रुपये आणि अर्धा दिवस घालवण्यात काही अर्थ आहे का, असं त्यांना घरचेही विचारतात आणि डिजिटलवाले मित्रही. प्रश्न रास्त आहे. माझ्या मते या छंदात खूप काही आहे, पण बहुतेक लोक ते कॅमेऱ्यात शोधतात आणि तिथेच थांबतात. ते आहे प्रिंटमध्ये.

आधी मापं. नेहमीच्या 35 मिमी फिल्मची चौकट 24 × 36 मिमी असते. 120 च्या रोलची रुंदी सहा सेंटिमीटरच्या थोडी वर असते. त्यावर कॅमेऱ्याप्रमाणे 6 × 4.5, 6 × 6, 6 × 7 किंवा 6 × 9 सेंटिमीटरचे फोटो येतात आणि रोलमागे अनुक्रमे 15 किंवा 16, 12, 10 आणि 8 मिळतात. हा झाला मीडियम फॉरमॅट. 6 × 6 ची प्रत्यक्ष चौकट 56 मिमी चौरस भरते, म्हणजे क्षेत्रफळ 35 मिमीच्या साडेतीन पटींहून जास्त. लार्ज फॉरमॅटमध्ये रोल नसतो, एकेक शीट असते. 4 × 5 इंचांच्या शीटची प्रत्यक्ष चौकट 35 मिमीच्या साधारण तेरा पट आणि 8 × 10 इंचांची पन्नासाहून अधिक पट. 16 × 20 इंचांचा प्रिंट करायचा तर 35 मिमी निगेटिव्ह सतरा पट मोठी करावी लागते, 4 × 5 ची फक्त चारपट. दाणा, धूळ, लेन्सचे दोष, हात हलल्याची पुसट रेघ हे सगळं त्याच प्रमाणात मोठं होतं किंवा होत नाही. बाकीची बरीचशी जादू या भागाकाराची आहे.

कोडॅकने 120 चा रोल 1901 मध्ये ब्राउनी कॅमेऱ्यासाठी आणला. 35 मिमी फिल्मचा लायका कॅमेरा बाजारात आला 1925 मध्ये. म्हणजे ज्याला आपण ‘साधी फिल्म’ म्हणतो त्या 35 मिमीच्या स्थिर छायाचित्रणापेक्षा हा रोल जुना आहे, आणि 120 वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यात आज दुकानातून आणलेला रोल बसतो. छंद म्हणून हे फार मोलाचं आहे. यंत्र जुनं झालं तरी त्याचं खाद्य बदललेलं नाही.

त्याआधी तर बहुतेक छायाचित्रकला मोठ्या आकाराची होती, कारण निगेटिव्ह मोठी करून छापणाऱ्या एन्लार्जरची सोय फारशी नव्हती. जेवढा प्रिंट हवा तेवढी काच कॅमेऱ्यात घालावी लागे. मुंबईत 1854 मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला आलेले मेजर रॉबर्ट गिल पुढे कॅमेऱ्याकडे वळले आणि 1864 साली त्यांच्या लेण्यांच्या छायाचित्रांची पुस्तकं लंडनमध्ये निघाली. राजा दीनदयाळ यांनी इंदूर आणि सिकंदराबादनंतर 1890 च्या दशकात मुंबईत स्टुडिओ उघडला. काचेच्या प्लेटा, रसायनं आणि लाकडी कॅमेरा बैलगाडीतून वाहून नेणारी ही माणसं होती. त्यांच्या कामात आज जो तपशील दिसतो, तो त्या जडपणामुळेच आला.

ही परंपरा स्टुडिओंत फार उशिरापर्यंत टिकली आणि तिचं कारण व्यावहारिक होतं. गिऱ्हाइकाला चेहऱ्यावरचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं नको असत. ती काढायची तर निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने काम करावं लागे, आणि त्यासाठी चेहरा निगेटिव्हवरच निदान नखाएवढा हवा. 35 मिमीवर हे होतच नाही. रिटचिंग करणारा कारागीर हा स्टुडिओचा अर्धा प्राण होता. केरळातल्या आलप्पुळ्यात के. करुणाकरन यांनी 1940 च्या दशकात ‘वागीश्वरी’ हा लाकडी फील्ड कॅमेरा बनवायला घेतला तो याच बाजारासाठी. घर वाद्यं बनवणाऱ्यांचं. एका स्टुडिओच्या कॅमेऱ्याचा फाटलेला भाता दुरुस्त करण्यातून कॅमेरा उभा राहिला आणि पुढे देशभरच्या स्टुडिओंत पोचला. वृत्तपत्रांतही तेच. होमाई व्यारावाला यांनी स्वातंत्र्याच्या आसपासची दिल्ली टिपली ती स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्सवर.

आता मूळ वादाकडे. मोठ्या फिल्मच्या बाजूने पहिला मुद्दा नेहमी तपशिलाचा मांडला जातो. 4 × 5 ची शीट 2400 डीपीआयवर स्कॅन केली तर 9600 × 12000, म्हणजे साडेअकरा कोटी बिंदू मिळतात. हे ऐकायला मोठं वाटतं, आणि वीस वर्षांपूर्वी ते खरोखरच मोठं होतं. आज 10 कोटी बिंदूंचे डिजिटल मीडियम फॉरमॅट कॅमेरे बाजारात आहेत, आणि अंधारात किंवा हलत्या विषयावर ते फिल्मच्या फार पुढे आहेत. 6 × 6 ची निगेटिव्ह त्याच डीपीआयवर जेमतेम 2 कोटी 80 लाखांपर्यंत जाते. नुसत्या मोजमापाच्या जोरावर फिल्मचं समर्थन करणाऱ्यांनी हा वाद सोडून द्यावा. तो हरलेला आहे, आणि हरल्याने छंदाचं काहीही बिघडत नाही.

दुसरा मुद्दा सावकाशीचा: बाराच फोटो आहेत म्हणून माणूस विचार करून काढतो. यात तथ्य आहे, पण अर्धंच. सावकाश काढलेला वाईट फोटो वाईटच राहतो, आणि शिस्त हवी असेल तर डिजिटल कॅमेऱ्यातही बारावर थांबता येतं. सावकाशी हे कारण म्हणून पुरत नाही. या आकारात असं काय करता येतं जे दुसरीकडे करता येत नाही किंवा सहज होत नाही, ते पाहायला हवं.

पहिली गोष्ट कॅमेऱ्याच्या हालचालींची. लार्ज फॉरमॅट कॅमेरा म्हणजे पुढे लेन्सची पाटी, मागे ग्राउंड ग्लास म्हणजे दुधी काच आणि मध्ये भाता. पुढची आणि मागची पाटी एकमेकींपासून स्वतंत्रपणे वर-खाली, डावी-उजवीकडे सरकते आणि कलतेही. एखाद्या देवळापुढची दीपमाळ घ्या. साधा कॅमेरा तिच्याकडे वर वळवला की दगडी खांब मागे झुकल्यासारखा आणि वर निमुळता दिसतो. दीपमाळ मुळातच वर निमुळती असते, त्यामुळे ही विकृती पटकन लक्षातही येत नाही. फक्त प्रमाण बिघडतं. लार्ज फॉरमॅटवर कॅमेरा सरळ ठेवायचा आणि लेन्सची पाटी तेवढी वर सरकवायची. खांब सरळ उभा राहतो, पायथ्याचं अनावश्यक अंगण निघून जातं आणि शेंडा चौकटीत येतो.

आता त्याच अंगणातली फरसबंदी आपल्या पायाशी सुरू होऊन दीपमाळेपर्यंत जाते, आणि दोन्ही टोकं स्पष्ट हवी आहेत. 150 मिमीची लेन्स ही 4 × 5 वरची सर्वसाधारण लेन्स, पण तिची स्पष्टतेची खोली 35 मिमीच्या सवयीने पाहिलं तर फारच कमी. इथे लेन्स किंचित पुढे कलवायची. ग्राउंड ग्लासवर उलटं चित्र दिसत असतं. काळ्या कापडाखाली डोकं, डोळ्याला भिंग. आधी दूरचा पायथा नीट दिसेपर्यंत फोकस करायचा, मग पायाशी असलेल्या फरशीच्या सांधीतलं गवत भिंगात धरून लेन्स एखाद-दोन अंश कलवायची. गवत स्पष्ट होतं, पायथा जरा बिघडतो. पुन्हा फोकस, पुन्हा थोडा कल. तीन-चार फेऱ्यांत अशी एक वेळ येते की पायापासून पायथ्यापर्यंतची जमीन एकाच वेळी जिवंत होते, आणि तेही ॲपर्चर बारीक करण्याआधी. दीपमाळेचा वरचा भाग मात्र या तिरक्या प्रतलाच्या बाहेर जातो. तो परत मिळवायला f/22 किंवा f/32 वर जावं लागतं. थिओडोर शाइम्प्फ्लूग या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याने हवाई छायाचित्रं सरळ करण्याच्या खटपटीत 1904 च्या सुमारास या भूमितीवर काम केलं, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. पुस्तकात वाचून ती डोक्यात शिरत नाही. काचेवर गवत स्पष्ट होताना एकदा पाहिलं की कायमची शिरते.

दुसरी गोष्ट डेव्हलपिंगची, आणि माझ्या लेखी तीच अधिक मोठी. रोल धुताना बाराच्या बारा फोटोंना एकच वेळ मिळते, मग त्यातला एक भर दुपारचा असो आणि दुसरा पावसाळी संध्याकाळचा. शीट मात्र सुटी असते. प्रत्येक फोटोला त्याची स्वतःची धुण्याची वेळ देता येते. आपल्याकडच्या वाड्याच्या ओसरीचा फोटो घ्या. आत काळोख, बाहेर चौकात मे महिन्याचं ऊन. लाइट मीटर सावलीवर धरायचा आणि त्याने सांगितलेल्यापेक्षा दोन स्टॉप कमी प्रकाश द्यायचा, म्हणजे लाकडी खांबाचं कोरीव काम गडद पण दिसेल असं राहतं. मग ती शीट नेहमीपेक्षा सुमारे पाचव्या हिश्शाने कमी वेळ धुवायची. सावलीतला भाग डेव्हलपरमध्ये लवकर तयार होतो आणि नंतर फारसा वाढत नाही. उन्हाचा भाग मात्र वेळ मिळेल तसा दाट होत जातो. वेळ कापली की चौक करपत नाही. अमेरिकन छायाचित्रकार अन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी 1940 च्या आसपास मांडलेल्या झोन सिस्टिमचं सार एवढंच आहे. त्यावर जाडजूड पुस्तकं निघाली, पण एका शीटवर ते करून पाहायला एक दुपार पुरते.

ॲडम्सचाच एक प्रसंग इथे सांगायला हवा. 1 नोव्हेंबर 1941 च्या संध्याकाळी न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळून जाताना त्याला चंद्रोदय, मागचे ढग आणि कबरस्तानातल्या क्रुसांवर पडलेलं शेवटचं ऊन दिसलं. 8 × 10 चा कॅमेरा घाईने उभा केला, पण लाइट मीटर सापडेना. चंद्राची तेजस्विता त्याला आकड्यात पाठ होती, त्यावरून त्याने एक्स्पोजर काढलं आणि एक शीट घेतली. दुसरीसाठी दोन्ही बाजूंना शीट बसणारा होल्डर उलटा करेपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं. गोष्ट इथपर्यंत सगळेच सांगतात. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ती निगेटिव्ह छापायला अवघड होती. पुढचा जमिनीचा भाग फार पातळ होता, म्हणून 1948 मध्ये त्याने निगेटिव्हचा तेवढाच भाग रसायनाने दाट केला. सुरुवातीच्या प्रिंटांत आकाश बरंच उजळ आहे आणि त्यात ढगांच्या रेघा आहेत. नंतरच्या दशकांतल्या प्रिंटांत ते जवळजवळ काळं झालं आहे. एका सेकंदाच्या एक्स्पोजरवर तो माणूस पुढची जवळपास चाळीस वर्षं डार्करूममध्ये काम करत राहिला. फोटो हर्नांडेझला निघाला खरा, पण घडला डार्करूममध्ये.

म्हणून मी म्हणतो की हा छंद प्रिंटपासून उलटा शिकावा. आज होतं असं: कोणी महागडा हॅसलब्लाड किंवा मामिया आरबी 67 घेतो, रोल लॅबला पाठवतो, स्कॅन येतात आणि फोनच्या पाच-सहा इंची काचेवर ते पाहिले जातात. तेवढ्या आकारात 6 × 7 आणि फोनच्या फोटोत फरक दिसायला जागाच नाही. रंगांची एक वेगळी छटा येते, ती आवडते, आणि वर्षभरात खर्च जड वाटू लागतो. मग कॅमेरा विकायला निघतो. यात माणसाची चूक नाही. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे ती वस्तू त्याने हातात धरलेलीच नसते. मोठ्या निगेटिव्हवरून केलेला चांगला सिल्व्हर प्रिंट जवळ जाऊन पाहिला नसेल तर कॅमेरा घेण्याआधी तो पाहून यावा. मुंबईत एनसीपीएच्या पिरामल गॅलरीत छायाचित्रांची प्रदर्शनं होतात, इतरही दालनांत अधूनमधून जुन्या छापांची प्रदर्शनं लागतात. सावल्यांत किती पायऱ्या आहेत आणि कागदाचा पांढरा कुठे सुरू होतो, ते नाक जवळ नेऊन बघायचं. ते पाहून आतून काही हललं नाही, तर या वाटेला जाऊ नये.

प्रिंट म्हटला की एन्लार्जर, स्वतंत्र खोली, लाल दिवा आठवतो आणि दोन खोल्यांच्या घरात राहणारा माणूस तिथेच हात टेकतो. मोठ्या निगेटिव्हचा खरा फायदा इथे आहे: तिला एन्लार्जर लागत नाही. 4 × 5 ची निगेटिव्ह कागदावर ठेवून वर काच दाबली की पोस्टकार्डापेक्षा थोडा लहान कॉन्टॅक्ट प्रिंट होतो, आणि तो हातात घेऊन पाहायच्या अंतरावर पुरेसा असतो. 8 × 10 चा कॉन्टॅक्ट तर भिंतीवर लावता येतो. त्यात आणखी एक वाट सूर्याची. सर जॉन हर्शेल यांनी 1842 मध्ये शोधलेली सायनोटाइपची रीत दोन रसायनांवर चालते, फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड. दोन्ही मिसळून जाड कागदावर ब्रशने लावायची, मंद दिव्यात वाळवायची, वर निगेटिव्ह ठेवून कागद उन्हात धरायचा आणि साध्या पाण्याने धुवायचा. निळा प्रिंट तयार. अतिनील किरणं लागतात म्हणून युरोपातले छांदिष्ट दिव्यांच्या पेट्या बांधतात. आपल्याला गच्चीवर ऑक्टोबरचं ऊन फुकट मिळतं. या रीतीला निगेटिव्ह प्रिंटएवढीच मोठी लागते, म्हणून ती 35 मिमीवाल्याच्या थेट उपयोगाची नाही.

आपल्या हवापाण्याच्या अडचणी मात्र खऱ्या आहेत आणि परदेशी पुस्तकांत त्यांचं उत्तर नसतं. डेव्हलपिंगचे सगळे तक्ते 20 अंश सेल्सिअसचे असतात. एप्रिलात पुण्यातल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी तिशीच्या वर जातं. इलफर्ड एचपी5 फिल्मला आयडी-11 डेव्हलपरमध्ये 20 अंशांना साडेसात मिनिटं लागतात. 24 अंशांना तीच वेळ सव्वापाच-साडेपाचवर येते, आणि पाचाच्या खाली गेलं की धुणं एकसारखं होत नाही, पट्टे पडतात. उपाय सोपा आहे. परातीत बर्फ घालून रसायनांच्या बाटल्या त्यात ठेवायच्या आणि डेव्हलपर 1:1 पातळ करून वेळ वाढवायची. फिक्सर आणि धुण्याचं पाणीही त्याच तापमानाच्या आसपास ठेवायचं, एकदम गरम पाण्यात टाकलं तर फिल्मवरचा थर सुरकुततो. कृष्णधवल धुलाईला एक टँक, तीन बाटल्या, थर्मामीटर आणि हात घालून रोल चढवायची काळी पिशवी एवढं पुरतं. न्हाणीघरात हे आरामात होतं. रंगीत सी-41 ला 38 अंश काटेकोर लागतात, ते सुरुवातीला लॅबवर सोपवलेलं बरं.

कोकण आणि गोव्यात दमटपणा हा मोठा शत्रू. लेन्सच्या आत बुरशीचे तंतू पसरतात आणि एकदा काचेच्या लेपात शिरले की पुसून जात नाहीत. जुना कॅमेरा घेताना लेन्समधून टॉर्च मारून पाहणं, शटरच्या मंद गती कानाने ऐकणं (एक सेकंदाचं शटर दोन सेकंद घरघरत राहिलं तर वंगण घट्ट झालंय) आणि भात्याच्या आत दिवा धरून बाहेरून कोपऱ्यांत ठिणग्या दिसतात का हे बघणं, या तीन तपासण्या किमतीच्या बोलण्याआधी कराव्यात. भात्याची भोकं कोपऱ्यांतच पडतात.

बाहेर फोटो काढायचे तर पुन्हा वेगळी गोष्ट. लार्ज फॉरमॅटला ट्रायपॉडशिवाय गत्यंतर नाही, आणि पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडला आगाऊ परवानगी लागते. लेणी आणि बरेच मोठे किल्ले त्यात येतात. त्यामुळे महाराष्ट्रात या छंदाला मोकळी जागा मिळते ती घाटांवर, खासगी वाड्यांत, बंद पडलेल्या गिरण्यांच्या बाहेर, सड्यांवर, आणि माणसांच्या घरात त्यांची चित्रं काढताना. मला हे बंधन एका अर्थी उपकारक वाटतं. सगळ्यांनी काढलेला दरवाजा सोडून माणूस आपल्या गावातल्या पाराकडे वळतो. लेण्यांसारख्या अंधाऱ्या जागी आणखी एक हिशोब सांभाळावा लागतो: लांब एक्स्पोजरला फिल्म आळसावते. मीटरने 10 सेकंद सांगितले तर एचपी5 ला 20 च्या आसपास द्यावे लागतात. आणि जवळचा विषय असेल, भाता लांब ओढला असेल, तर प्रकाश आणखी घटतो. 150 मिमीची लेन्स 300 मिमीवर गेली की चौपट वेळ.

हा सगळा डोलारा ज्यावर उभा आहे ती फिल्म कोण बनवतं, हा प्रश्न छंदाच्या आयुष्याचा आहे. भारतात एकेकाळी उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कारखाना होता, 1960 मध्ये स्थापन झालेला, आणि त्याची ‘इंदू’ फिल्म शाळेच्या प्रयोगशाळेपासून एक्स-रे खोलीपर्यंत सगळीकडे असे. तो बंद पडला. जगात 2004 ते 2012 ही वर्षं फार वाईट गेली: इलफर्डची ब्रिटिश कंपनी 2004 मध्ये अडचणीत आली आणि व्यवस्थापकांनीच ती विकत घेऊन वाचवली, पोलरॉइडने 2008 मध्ये इन्स्टंट फिल्म थांबवली, कोडाक्रोम 2009 मध्ये संपली, कोडॅकने जानेवारी 2012 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यानंतर मात्र वारं फिरलं. फुजीने 2018 मध्ये बंद केलेली एक्रॉस पुढच्याच वर्षी नव्या रूपात आणली. कोडॅकने एक्टाक्रोम परत आणली आणि 2019 मध्ये ती 120 आणि शीटमध्येही दिली. इंग्लंडमधल्या मॉबर्लीहून इलफर्ड, झेक प्रजासत्ताकातल्या ह्राडेक क्रालोव्हेहून फोमा, दोघेही शीट फिल्म बनवतात, आणि इलफर्ड तर वर्षातून एकदा अवाढव्य आकारांच्या मागण्या घेऊन त्या कापून देते. ब्रायटनच्या इंट्रेपिड कंपनीने 2014 पासून प्लायवूडचे स्वस्त 4 × 5 कॅमेरे काढून या छंदाचं दार तरुणांना उघडून दिलं. कॅमेरा मिळणं आता अवघड राहिलेलं नाही. आपल्याकडे अवघड आहे ती आयात फिल्मची किंमत आणि तिचा बेभरवशाचा पुरवठा.

यावर आपल्या इथे चालणारा एक तोडगा आहे, तो म्हणजे एक्स-रे फिल्म. दवाखाने डिजिटल झाले तरी ती वैद्यकीय साहित्याच्या बाजारात अजून मिळते आणि 4 × 5 च्या शीटच्या मानाने फार स्वस्त पडते. लाल दिव्यात हाताळता येते, त्यामुळे कटरवर मापात कापता येते आणि ट्रेमध्ये डोळ्यांसमोर धुता येते. नवशिक्यासाठी हे फार मोठं सुख आहे. चित्र हळूहळू उमटताना बघून थांबता येतं. तिच्या अडचणीही आहेत. बहुतेक प्रकारांत दोन्ही बाजूंना थर असतो, नख लागलं की चरा पडतो. आणि लाल रंग तिला दिसत नाही. कपाळावरचं कुंकू काळं येतं, ओठ गडद होतात, सावळ्या त्वचेवरची प्रत्येक रेघ उठून येते. म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यांना हे विलक्षण खुलून दिसतं, तरुणींना बहुधा आवडत नाही. 1920 च्या आधीचे फोटो आपल्याला जसे दिसतात त्यामागे बऱ्याच अंशी हेच कारण आहे. त्या काळच्या प्लेटाही लालाला आंधळ्या असत.

दुरुस्तीचा प्रश्न पुरवठ्यापेक्षाही बिकट आहे. लीफ शटर उघडून साफ करणारे कारागीर मोठ्या शहरांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत आणि त्यांच्याकडे शिकायला कोणी नाही. वीस-पंचवीस वर्षांनी फिल्म मिळेल असं मला वाटतं, शटर नीट करणारा मिळेल याची खात्री वाटत नाही. म्हणून ज्यांना हातकामाची आवड आहे अशा छांदिष्टांनी फोटो काढण्याइतकीच ही विद्या त्या कारागिरांकडे बसून शिकावी, आणि तिचे पैसे त्यांना द्यावेत.

खर्चाचा क्रम कसा असावा, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सुरुवातीला कॅमेऱ्यावर कमीत कमी खर्च करा. चालू स्थितीतला यशिका मॅट किंवा दुसरा एखादा दोन लेन्सचा कॅमेरा मीडियम फॉरमॅटसाठी वर्षानुवर्षं पुरतो. त्यात बॅटरी नसली तरी अडत नाही, उन्हात f/16 ला फिल्मच्या आयएसओएवढी शटर गती हा नियम पाठ ठेवला की मीटरशिवायही भागतं. एकच फिल्म, एकच डेव्हलपर, निदान वर्षभर. रोल स्वतः धुवा, आणि पूर्ण रोलचा कॉन्टॅक्ट 8 × 10 च्या एका कागदावर काढा. बारा चौकोन त्यावर बरोबर बसतात. ज्यांना लार्ज फॉरमॅटच हवा आहे त्यांनी सुताराकडून पिनहोलची पेटी बनवून घ्यावी, आत फोटोचा कागदच निगेटिव्ह म्हणून घालावा आणि लाल दिव्यात धुवावा. कागदाचा वेग आयएसओ 6 च्या आसपास असतो, त्यामुळे पिनहोलमधून उन्हातही एखादं मिनिट एक्स्पोजर लागतं आणि समोरचा माणूस स्थिर बसवावा लागतो. त्यातून चांगले कॉन्टॅक्ट प्रिंट निघू लागले की मग भात्याचा कॅमेरा, एक 150 मिमीची लेन्स आणि दोन होल्डर घ्यायला हरकत नाही. अंधारात होल्डर भरताना शीटच्या कोपऱ्यातली खाच बोटाला उजवीकडे वर लागली पाहिजे, म्हणजे थराची बाजू आपल्याकडे आहे. ही सवय दिवसा, उजेडात, एक वाया गेलेली शीट घेऊन करून ठेवावी.